पहिली चढाई कोणाची

मांडीवर थाप मारल्याशिवाय तो लिफ्टमध्येसुद्धा शिरत नसे. डाव्या हातात गॅसची बाटली, खांद्यावर हत्यारांची पिशवी, लिफ्टचं दार उघडलं की उजव्या हाताने मांडीवर फटाक, आणि मग आत पाऊल. आमच्या मजल्यावरची फिलिपिनो बाई पहिल्यांदा हा प्रकार बघून घाबरून कोपऱ्यात सरकली होती. नंतर नंतर तो दिसला की तीच त्याच्या मांडीकडे बघून वाट बघायची.

त्याचं नाव मी लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला कप्तान म्हणायचो, आणि तेवढं पुरे आहे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एकच खेळ लहानपणी अंगात शिरतो आणि मग जेवताना, झोपताना, काम करताना बाहेर डोकावत राहतो.

कप्तान एसी दुरुस्त करायचा. बहारीनमध्ये एसीवाल्याला देवाखालोखाल मान. झिंजमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर तो राहायचा, आणखी चारपाच जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये. बायको आणि मुलगी गावी, कणकवलीच्या बाजूला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी, आमची ही, मुलगा, सून आणि नात. मी सुतार. हातातली करवत खाली ठेवल्यावर मुलाच्या व्हिसावर इथेच राहिलो.

कोकणातल्या पोरांनी इथे कबड्डीची टीम केली होती. कोणी ड्रायव्हर, कोणी इलेक्ट्रिशियन, दोघेतिघे सनाबिसकडच्या मॉलमध्ये. शुक्रवारी सकाळी व्हॅन भरून सगळे बुदैयाला जायचे. तिथे एका खजुरीच्या बागेला लागून मऊ वाळूची मोकळी जागा होती, तिच्यावर चुन्याने रेघा मारायच्या. मी कबड्डीतला नव्हे. पण ही सगळ्यांसाठी घावणे आणि उसळ करून द्यायची, आणि डबा उचलायला कोणीतरी हवं म्हणून मी जायचो. मग तीही यायला लागली. गाडीचं दार उघडं ठेवून आत बसायची आणि मॅच सुरू झाली की तिथून ओरडायची, "अरे, पाय धर तेचो! तोंड काय बघतंस!" मॅच संपेपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा.

टीमची पहिली चढाई कायम कप्तानाची. समोरच्या सात जणांच्या अंगणात एकट्याने शिरायचं, श्वास न सोडता "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम असेपर्यंत परत यायचं. नुसतं बघून मलाच धाप लागायची. कप्तान मात्र जाताना मांडीवर थाप मारून असा हसत जायचा, जसा काही शेजारच्या घरी विरजण मागायला निघालाय.

एकदा बुदैयालाच एका व्हिलात त्याला मोठा एसी उतरवायचा होता. मी फळ्या ठोकायला बरोबर गेलो होतो. शिडी लावली आणि याने सवयीने मांडीवर थाप मारली. घरातली अरब म्हातारी दचकली. तिला वाटलं, मेकॅनिक चिडला. तिने घाईघाईने खजूर आणि कहवा आणून समोर ठेवला. हा शिडीवरून खाली उतरला, खजूर खाल्ले, कहवा प्यायला, आणि पुन्हा शिडी चढायची म्हणून पुन्हा थाप. म्हातारीने आणखी खजूर आणले. शेवटी मी म्हटलं, "मेल्या, असाच थापा मारीत रवलंस तर एसी उतरूच्या आदी त्यांची बाग संपात." पुढच्या वेळी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा दारात तिची तीन नातवंडं ओळीने उभी होती. तिघांनी मांडीवर एकदम थाप मारली आणि ओरडली, "यल्ला!" म्हणजे चला!

त्याचा आवडता शब्द म्हणजे दम. कोणाचा एसी जुना झाला आणि मालक म्हणाला की खलास, नवीन बसव, तर हा आधी एसीला कान लावायचा. डोळे मिटून ऐकायचा. मग सांगायचा, "अजून दम आहे." आमच्या जुन्या फ्रीजला, कंपनीच्या खडखडणाऱ्या व्हॅनला, माझ्या दाढेला सुद्धा त्याने हेच सांगितलं होतं. दाढ मी चार दिवसांनी काढली.

आणि हाच माणूस स्वतःला कान लावत नव्हता. तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

पण आधी साजिदचं सांगतो, कारण साजिद आमच्या जिन्यात सापडला.

आमची ही आजारी होती. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी लिफ्ट बंद. खाली बोर्ड लावलेला. तिच्या अंगात तीन मजले चढायची ताकद नव्हती. मुलगा ड्यूटीवर. मी म्हटलं, खुर्ची आणतो, खुर्चीत बसवून नेऊ. तेवढ्यात कप्तान बाहेर आला. "खुर्ची कित्याक? काकी काय जड आसा?" मांडीवर थाप मारली आणि तिला लहान पोरीसारखी उचलली. मी औषधांची पिशवी घेऊन दार उघडायला पुढे धावलो.

मी वर पोचलो तरी खालून ही मंडळी येईनात. कठड्यावरून वाकून बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमची ही एका अनोळखी पोराच्या हातांत, आणि कप्तान पायरीवर बसलेला. धापा टाकतोय आणि हसतोय. तो पोरगा चौथ्या मजल्यावर आपल्या मामाकडे आला होता, उतरता उतरता यांच्यात सापडला. कप्तानाने बसल्या जागेवरून त्याच्या पायांकडे बघत विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"रत्नागिरी, भाई."

"कबड्डी खेळतोस काय?"

"खेळायचो."

"चढाई की पकड?"

तेव्हा ही त्या पोराच्या हातांतूनच कडाडली, "आदी माका घरात नेऊन ठेवा, मगे तुमची टीम निवडा!"

तो साजिद. सनाबिसला मोबाइलच्या दुकानात नवाच लागला होता. पुढच्या शुक्रवारी तो वाळूवर उतरला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. माशासारखा निसटायचा. तुम्हाला वाटावं आता धरला, तोवर तो रेघेवर हात टेकून हसत असायचा.

पावसाळा गावी असतो, इथे नुसता उन्हाळा. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमची ही गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. कप्तान रोज संध्याकाळी वर यायचा, एसीची जाळी काढून धुवायचा. एवढी धुतलेली जाळी अख्ख्या झिंजमध्ये कोणाच्या एसीला नसेल.

हिवाळा आला, खेळ पुन्हा सुरू झाला. कप्तानाने सांगून टाकलं की हा त्याचा शेवटचा मोसम. वसंतात व्हिसा कॅन्सल करून तो कायमचा गावी जाणार होता. इतकी वर्षं खेळून कप एकदाही हाती लागला नव्हता. फायनलला जायचो आणि मंगळूरच्या लोकांकडून मार खाऊन यायचो. त्यांचा एक लॉरी ड्रायव्हर कोपऱ्यात उभा असायचा. त्याने घोटा धरला की सुटका नाही.

यंदाही फायनल त्यांच्याशीच ठरली. आणि कप्तानाचा गुडघा सुजलेला. पट्टी बांधून तो चढाईला जायचा, पण पूर्वी परत यायचा तिथे आता पकडला जायचा. उठून वाळू झटकायचा आणि म्हणायचा, "अजून दम आहे."

व्हॅनमध्ये कुजबुज सुरू झाली. अर्थात तो नसताना.

"पहिली चढाई साजिदला द्यायला हवी."

"द्यायला हवी, पण कप्तानाचा शेवटचा मोसम आहे. फायनल होऊ दे, मग द्या."

"मग देऊन काय उपयोग? तेव्हा लोणचं घालायचंय?"

"पहिल्या हाफला कप्तान, दुसऱ्या हाफला साजिद."

"पहिल्या हाफलाच मॅच गेली तर?"

साजिदला विचारलं तर तो कानाला हात लावून म्हणाला, "भाईच्या आधी मी नाही जाणार. मला दुकानात पाठवा, मैदानात नको."

म्हणजे घोडं अडलं. सांगणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड फाटकं हे सगळ्यांना ठाऊक. मी गेलो. तो फ्लॅटच्या दारात बसून गुडघ्याला बर्फ लावत होता. मी म्हटलं, "तुझे पाय गेले. साजिदला पुढे घाल."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. "पाय गेले असतील काका," तो म्हणाला, "दम आहे. चाय घेतंस?" मी चहा घेतला. चहा चांगला होता. काम झालं नाही.

मग पोरांनी एक उद्योग केला, तो आमच्याकडची माणसंच करू जाणे. म्हणाले, देवाला कौल लावू. गावी कौल देवळात लावतात. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. ते काम गुरवाचं. इथे गुरव कुठून आणणार? पण आमच्या घरात हिचं देवघर होतं, हिचा पितळेचा देव होता, आणि दिवा आता मी लावत होतो. सगळे तिसऱ्या मजल्यावर जमले. साजिद दुकानात होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर साजिद, डावी पडली तर कप्तान. आठ दांडगे बाप्ये हात जोडून, श्वास रोखून दोन पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळ्या काही हलेनात. घामाघूम झालेल्या एकाने हळूच उठून एसी लावला. भुर्रकन वारा आला आणि दोन्ही पाकळ्या एकदम उडून थेट सुनेने सगळ्यांसाठी केलेल्या उसळीच्या पातेल्यात.

नेमका तेव्हाच दारात कप्तान. जाळी धुवायला आला होता.

 त्याने देवाकडे बघितलं, उसळीकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, यात मला शंका नाही. मांडीवर थाप मारली, स्टुलावर चढला आणि एसीची झडप वर केली. "वारा थेट देवावर येतोय," तो म्हणाला. "झडप वर ठेवत जा." खाली उतरला आणि जाळी न धुताच निघून गेला. पाकळ्यांची उसळ आम्ही खाली मान घालून खाल्ली.

त्यानंतर फायनलपर्यंत तो काही बोलला नाही. सरावाला आला, कडेला बसला. रागावला असेल, येणारच नाही, असंही काहीजण म्हणाले.

फायनलच्या शुक्रवारी दुपारी तो आला. आणि कसा आला! इस्त्रीची काळी पँट, पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट. जणू लग्नाला निघालाय. मॅचसाठी भाड्याने मॅट आणली होती, लोक बायकापोरांसह जमले होते, आणि आमचा कप्तान त्यात बँकेच्या मॅनेजरासारखा.

मॅचच्या आधी नारळ फोडायचा आणि त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, हा आमच्या टीमचा नेम. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं कप्तानच घालायचा. साजिद मुसलमान, पण गोल करून उभे राहिलो की त्याचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत वरचढ. म्हणायचा, "आमच्या वाडीतही हेच ऐकत मोठा झालो, भाई."

कप्तानाने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेकरां ह्या परमुलखात पोटासाठी इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज खेळाक उभी रवली आसत. त्येंच्या हातापायाक काय इजा होव देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आजपासून टीमची पयली चढाई साजिद करतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मैदान दणाणलं. मग आपण कशाला हो म्हटलं ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. सर्वांत मोठ्याने साजिदच ओरडला होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भाई, हे काय बोललात?"

"देवाक सांगलय. तूही व्हय म्हणालंस. आता फिरवूक येवचा नाय." आणि नारळ फाटकन फोडला.

साजिद पहिल्या चढाईला गेला. मांडीवर थाप मारली, ती सुद्धा कप्तानासारखी. आणि गेल्या गेल्या त्या लॉरी ड्रायव्हरने त्याचा घोटा धरला. साजिद बाद! 

सगळ्यांची तोंडं कप्तानाकडे वळली. "कप्तान, उतर! अजून वेळ आहे, उतर तू!"

"कशात उतरू?" तो म्हणाला. "चड्डी घरी ठेवून आलोय."

मी म्हटलं, "अरे, चड्डी घरी ठेवून कबड्डीला आलास?"

"मुद्दाम, काका. आणली असती तर घातली असती."

साजिद मान खाली घालून बाहेर बसला होता. कप्तान त्याच्यापाशी गेला, उकिडवा बसला, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता. "त्याने घोटा धरला तेव्हा तू मागे बघितलंस. माझ्याकडे. माझ्याकडे बघायचं नाही. मी तिथे नाही." तेवढंच.

आमच्या दुसऱ्या एकाने गडी टिपला आणि साजिद पुन्हा आत आला. त्यानंतर जे झालं ते मी कप्तानाकडे बघून सांगतो, मैदानाकडे बघून नव्हे. कारण साजिद चढाईला निघाला की हा कडेला उभा राहून त्याच्याबरोबर "कबड्डी, कबड्डी" सुरू करायचा. तोंडातल्या तोंडात, श्वास न सोडता. साजिद परत रेघेला येईपर्यंत हा श्वास घ्यायचा नाही. चेहरा लाल, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. साजिद टिपून यायचा आणि हा कठड्याला धरून धापा टाकायचा. बाजूच्या एका बाईने मला विचारलं, "ह्यांना बरं नाही का?" मी म्हटलं, "बरा आहे. खेळतोय."

शेवटच्या चढाईपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. साजिद गेला. तोच कोपरा, तोच लॉरी ड्रायव्हर, तोच घोटा. पण साजिदने या वेळी मागे बघितलं नाही. त्या ड्रायव्हरला फरफटत घेऊन मधल्या रेघेकडेच झेपावला आणि बोटं रेघेवर टेकली. मग काय ओरडा, काय नाच! मंगळूरवाले सुद्धा टाळ्या वाजवत होते. तो ड्रायव्हर साजिदला उचलून नाचत होता. कप्तान मात्र खाली बसला होता, दोन्ही हात जमिनीवर टेकून. खेळला साजिद, दम लागला याला.

मी पाण्याची बाटली दिली. विचारलं, "मी सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस. कौल लावला तेव्हा झडप वर करून गेलास. मग कधी ठरवलंस?"

तो पाणी प्यायला. "तुमच्या घरातून खाली गेलो ना, त्या दिवशी लिफ्टने नाही गेलो. जिन्याने गेलो. वळणावर काकी आठवली."

"काय आठवली?"

"तुम्ही वर होता, तुम्हाला ऐकू आलं नसेल. मी काकीला घेऊन चढत होतो. मला वाटत होतं, अजून एक मजला सहज जाईन. हात थरथरत नव्हते, काही नाही. पण काकीचं डोकं माझ्या छातीला लागलेलं. ती म्हणाली, 'झिला, माका तुझो दम ऐकाक येता. तुका दम लागलो. तो पोरगो येता, तेच्याकडे दी माका. पडल्यावर देऊ नको, आदी दी.'"

मी त्याच्या हातातली बाटली घेतली.

"तिने एसीसारखा कान लावला, काका," तो म्हणाला. आणि हसता हसता पांढऱ्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. शर्टाची वाट लागली.

तिचं ते बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, ती गेल्यानंतर इतक्या महिन्यांनी. चोहीकडे ढोल वाजत होते, पोरं कपात सरबत ओतून पीत होती, आणि मला वाटलं ती गाडीचं दार उघडं ठेवून आत बसलीय आणि तिचा घसा बसलाय.

कप्तान वसंतात गेला. विमानतळावर अख्खी टीम. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, आतल्या दारापाशी पोचला, आणि आम्ही सगळे तिथेच थांबलो. वाट बघत. त्याने वळूनही बघितलं नाही. मांडीवर फटाक, आणि आत. पासपोर्ट बघणारा पोलीस खुर्चीतून उठला.

तळमजल्यावर आता दुसरी माणसं आहेत. बरी आहेत. एसीची जाळी मी स्वतः धुतो, त्याच्यासारखी निघत नाही. शुक्रवारी त्याचा फोन येतो. उचलला की हॅलो नाही, आधी तिकडून थापेचा आवाज. मग विचारतो, "साजिद कसा खेळतो?"

"बरा खेळतो."

"त्याच्यामागे कोण? कोणी बघून ठेवलाय का?"

"अरे, तो अजून पोर आहे!"

"तरी बघून ठेवा, काका. आधीच बघायचं."

या हिवाळ्यापासून गाऱ्हाणं मी घालतो. पोरं म्हणाली, तुम्हीच थोरले. माझा आवाज फाटका, पण देवाला चालतो.

लिफ्ट चालू असली तरी मी जिन्याने जातो. डॉक्टरनेही सांगितलंय, थोडं चालत जा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो. तिथे जरा श्वास लागतो. कोणी बघत नाही ना, ते बघतो, आणि मांडीवर एक थाप मारून वर घरी जातो.